‘ब्लू’ची गाणी: सक्तीच्या वापरानंतरचा अनुभव

सीडी अडकली ती ऐन मे महिन्यात. गाडी २०१० ची हॅचबॅक, स्टिरिओ गाडीसोबतच आलेला, फटीतून सीडी आत ओढून घेणारा. घर आवरताना बायकोला जुन्या सीडींचं पाकीट सापडलं आणि “टाका नाहीतर वापरा, पण माझ्या कपाटात नकोत” असा हुकूम सुटला. टाकणं आमच्या रक्तात नाही. वापरायला घेतल्या, तर पहिलीच हाताला लागली ‘ब्लू’, म्हणजे ए. आर. रहमाननं संगीत दिलेल्या २००९ च्या हिंदी सिनेमाची गाणी. मामेभावानं तेव्हा बर्न करून दिलेली, वर हौसेनं कागदी लेबल चिकटवून निळ्या स्केचपेननं मासा काढलेली. ज्यांच्याकडे असे स्टिरिओ अजून आहेत त्यांच्यासाठी सांगतो: लेबल चिकटवलेली सीडी फटीच्या प्लेअरला देऊ नका. उन्हात तापलेल्या गाडीत कागद फुगतो, कडा सुटतात आणि सीडी बाहेर यायच्या वाटेवर रुतून बसते. आता इजेक्ट दाबलं की आतली मोटर कण्हते, सीडी दोन मिलिमीटर दर्शन देते आणि परत आत जाते. वाजते मात्र अप्रतिम. एकदासुद्धा अडखळलेली नाही.

गाडीच्या साउंडवाल्याकडे नेली. त्यानं स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याची तसदी न घेता सांगितलं, “साहेब, सीडी कोण ऐकतं आता? नऊ हजारात अँड्रॉइड स्क्रीन बसवून देतो, रिव्हर्स कॅमेरा फ्री.” म्हटलं, नुसती सीडी काढून दे. “डॅश उघडायचे अडीच हजार. आतली प्लॅस्टिकची लॉकं तुटली तर जबाबदारी तुमची.” फुकट मिळालेली सीडी बाहेर काढायला अडीच हजार मी देणार नाही. आज नाही, उद्याही नाही. तो म्हणाला, मग ऐका. म्हणून ऐकतोय.

मग एफएम लावा, असं कुणीतरी म्हणेल. एरिअल सोसायटीतल्या पोरांच्या क्रिकेटमध्ये शहीद झालीय, नुसती खरखर येते. पुढचं गाणं लावायचं बटण त्याच्याही आधीपासून मेलेलं. शिवाय पूर्वी कुणीतरी सेंट्रल लॉक बसवताना स्टिरिओची पिवळी वायर इग्निशनच्या लाल वायरीला जोडून ठेवलीय. पिवळ्या वायरीला बॅटरीचा करंट कायम लागतो, त्यावर स्टिरिओची स्मरणशक्ती चालते. ती नाही, त्यामुळे चावी फिरवली की आमचा स्टिरिओ नव्यानं जन्माला येतो आणि पहिल्या गाण्यापासून सुरू होतो. मामेभावानं पहिलं गाणं कुठलं टाकलं असेल? ‘चिग्गी विग्गी’.

इथे थोडी पार्श्वभूमी. फेब्रुवारी २००९ मध्ये रहमानला दोन ऑस्कर मिळाले. त्याच महिन्यात ‘दिल्ली-६’ पडद्यावर आला होता, ‘रहना तू’, ‘मसकली’, ‘गेंदा फूल’ आणि साडेआठ मिनिटांची ‘अर्झियाँ’ घेऊन. अशा वर्षात दिवाळीला ‘ब्लू’ येणार, बहामाच्या पाण्याखाली केलेलं चित्रण, संजय दत्त, अक्षय कुमार, आणि गायला थेट ऑस्ट्रेलियन पॉपगायिका कायली मिनोग! आम्ही भक्तमंडळी तेव्हा जमिनीवरून चालत नव्हतो. गाणी आली, सगळ्यांनी ऐकली, आणि एक विचित्र शांतता पसरली. मग मामेभावानं ते वाक्य उच्चारलं, जे आपल्यातल्या प्रत्येक रहमानभक्तानं कधी ना कधी उच्चारलेलं आहे: “रहमान लगेच कळत नाही रे दादा. चढत जातो. ऐकत राहा.”

या सिद्धांताची खुबी अशी की तो खोटा पाडताच येत नाही. आवडलं तर चढलं, नाही आवडलं तर तुम्ही पुरेसं ऐकलेलं नाही. पुढच्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या गाण्यावर लोक तुटून पडले तेव्हाही भाऊ हेच म्हणत होता. ‘रोजा’ किंवा ‘छैया छैया’ आवडायला कुणाला किती वेळा ऐकावं लागलं होतं, हे त्याला विचारलं की तो विषय बदलतो. पण आजवर कुणी पुरेसं ऐकून बघितलंच नव्हतं, कारण नावडतं गाणं सहाव्यांदा न ऐकायला माणूस मोकळा असतो, बंद करतो. माझी ती सोय गेली. इतक्या कडक अटींखाली या सिद्धांताची परीक्षा माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी घेतली असेल असं वाटत नाही. स्टिरिओ बंद ठेवता आला असता, हे मला कळतं. पण चालू वस्तू बंद ठेवायची म्हणजे तोही एक तोटाच.

तर ‘चिग्गी विग्गी’. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, सहन करा, मी जे सहन केलंय त्यापुढे काहीच नाही.

गाण्याची सुरुवात कायलीबाई करतात. इंग्रजी, गुळगुळीत, चकचकीत पॉप, आणि खरं सांगायचं तर बरं आहे. बाईंचा आवाज आहे तसा वापरलाय, उगाच भारतीय करायला गेलेले नाहीत. मग गाणं थांबल्यासारखं होतं आणि ढोल घेऊन सोनू निगम येतो. पंजाबी, भांगडा, वेगळा ताल, वेगळा नूर, वेगळं गावच. सोनूही बरा गायलाय. भानगड आहे ती मधल्या सांध्याची. शेअर रिक्षात शेजारी बसलेली दोन अनोळखी माणसं असावीत, एक उतरलं की दुसऱ्यानं पाय पसरावेत, तसं ते आहे. पूर्वेचं आणि पश्चिमेचं एकत्र बांधणं हा ज्या माणसाच्या डाव्या हातचा मळ, त्याला इथेच टाका घालायला कंटाळा का यावा? ‘छैया छैया’त लोकसंगीत कुठे संपतं आणि रेल्वेगाडी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. इथे मी तुम्हाला जागा दाखवू शकतो. अक्षरशः. कोथरूडमध्ये, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भाजीच्या गाडीपाशी.

गाडी काढली की गल्ली संपेपर्यंत कायली, आणि तिथल्या गतिरोधकावर पुढचं चाक चढतं तेव्हा सोनू. रोज. पावसात काचा बंद असायच्या तोवर ठीक होतं. आता काचा उघड्या असतात. भाजीवाल्या मावशींनी आधी दुर्लक्ष केलं, मग हसायला लागल्या, हल्ली त्यांचा नातू ढोलाच्या बरोब्बर आधी दोन्ही हात वर करून उभा राहतो. पोराला तो सांधा माझ्याइतकाच पाठ झालाय. मावशी परवा म्हणाल्या, “काय हो, दुसरं गाणं नाही का तुमच्याकडं?” आहे, मावशी. ते कर्वे रोडवर लागतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो. पावसाळ्याच्या मध्यावर कधीतरी मला तो सांधा आवडायला लागलाय असं वाटू लागलं. ढोल वाजायच्या क्षणी हात आपोआप स्टिअरिंगवर ठेका धरायचा. भावाला फोन करून सांगितलं, तो आनंदानं किंचाळला, “बघ! चढला!” त्याचा आनंद आठवडाभर टिकला. मग गाडी टायर बदलायला दिली, काही दिवस बसनं गेलो, आणि परत बसल्यावर तोच ढोल तसाच अंगावर आला. ही आवड नव्हे, सवय. बारा वर्षं खालच्या मजल्यावर फॅब्रिकेशनचं दुकान असेल तर वेल्डिंगचा आवाजही सुट्टीच्या दिवशी आठवतो, म्हणून कुणी त्याची सीडी काढत नाही.

बाकीच्या गाण्यांचं पटापट सांगतो. ‘आज दिल गुस्ताख है’ सुखविंदर आणि श्रेया घोषालचं. सुखविंदर म्हणजे छप्पर उडवणारा माणूस, त्याला इथे दबक्या आवाजात गायला लावलंय आणि ते जमलंय. यातली श्रेयाही नेहमीची गोड श्रेया नाही, जरा खालच्या पट्टीत, धूर्त. हे पहिल्याच दिवशी आवडलं होतं, अजूनही आवडतं, म्हणजे चढण्या-उतरण्याचा प्रश्न नाही. ‘फिकराना’ विजय प्रकाश आणि पुन्हा श्रेया, नाचायचं गाणं. पहिल्या महिन्यात डोकं उठलं, दुसऱ्या महिन्यात उठायचं थांबलं. याला प्रगती म्हणायची तर म्हणा. ‘भूला तुझे’ रशीद अलीचं. आदल्याच वर्षी ‘जाने तू... या जाने ना’त ‘कभी कभी अदिती’ गाऊन गेलेला हाच. गाणं इतकं शांत आहे की कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते सुरू झालं की संपलं हेच कळत नाही. रात्री उशिरा, रस्ता रिकामा असताना मात्र फार सुंदर लागतं. मी रात्री उशिरा फारसा बाहेर नसतो.

‘यार मिला था’ उदित नारायण आणि मधुश्रीचं. यावर मला काही म्हणायचं नाही. आईला म्हणायचंय. आई साताऱ्याला असते, महिन्या-दोन महिन्यांनी तिला आणायला किंवा सोडायला जातो. कायली ऐकून ती एवढंच म्हणाली, “ही बाई आजारी आहे का रे?” पण उदितचा आवाज आला तशी ताठ बसली. “हा उदित ना? याला आता का नाही देत रे गाणी?” आणि मग खंबाटकी येईपर्यंत उदित नारायण, कुमार सानू आणि हल्लीच्या पोरांचे नाकातले आवाज. तिच्या मते पूर्ण सीडीत गाणं असं हे एकच आहे. फलटणची मावशीही याच मताची आहे, तिला फोनवरून ऐकवण्यात आलं.

आणि आता ‘रहनुमा’. हे सीडीत सगळ्यात शेवटी आहे. माझं ऑफिस डेक्कनला, वीस मिनिटांचा रस्ता, त्यामुळे रोजच्या जाण्यायेण्यात चौथ्या गाण्यापुढे मी जातच नाही. ‘रहनुमा’ फक्त साताऱ्याच्या वाटेवर लागतं, बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या आसपास. जेम्स बाँडच्या सिनेमातल्यासारखा पितळी वाद्यांचा भरणा, त्यावर श्रेया आणि सोनू, आणि श्रेया अशी गाते की आपण टाय लावून कुठल्यातरी कॅसिनोत बसलोय आणि फास्टॅगमध्ये भरपूर बॅलन्स आहे असं वाटावं. काय गाणं आहे! हिंदी सिनेमात असं गाणं सहसा होत नाही, आणि झालं ते या सिनेमात, या सीडीत, ‘चिग्गी विग्गी’पासून सहा गाणी लांब. मे महिन्यात मला कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, ‘ब्लू’ म्हणजे रहमाननं ऑस्करच्या सत्कारांच्या मधल्या वेळात उरकलेलं काम. आता तसं म्हणवत नाही. ‘रहनुमा’ हे उरकलेलं काम नव्हे.

पण यानं परीक्षेचा पार विचका केला. जे गाणं मी सर्वांत जास्त ऐकलं ते जिथल्या तिथे आहे. जे सर्वांत कमी ऐकलं ते काळजात बसलंय. मग चढलं कोण? शनिवारी मुद्दाम डेक्कनच्या पुढे, पार शिवाजीनगरला वळसा घालून आलो, ‘रहनुमा’ लागेपर्यंत. पेट्रोल माझ्या पैशाचं, तरी घातला. बायको म्हणाली, “अहो, फोनवर लावा ना ते एक गाणं.” तिला म्हटलं, फोनच्या त्या डबड्या आवाजात ती पितळी वाद्यं काय वाजणार. खरं कारण वेगळं आहे. फोनवर ते कधीही लागेल, आणि कधीही लागणारं गाणं साताऱ्याच्या वाटेवर लागणाऱ्या गाण्याइतकं चांगलं राहील याची मला खात्री नाही.

राहता राहिली ‘ब्लू थीम’. टेक्नो, घोषणा, रॅपर ब्लाझ आणि बरीच मंडळी. याला तारे द्यायचे तर द्यायलाच नकोत. एवढे महिने ऐकूनही ते गाणं मला आठवत नाही. चालू असतानाही आठवत नाही. घेणाऱ्यांसाठी सल्ला: ‘आज दिल गुस्ताख है’, ‘रहनुमा’ आणि रात्रपाळी असेल तर ‘भूला तुझे’, एवढी उतरवून घ्या. बाकीच्यांसाठी आधी माझ्यासारखा स्टिरिओ लागेल. ‘दिल्ली-६’चं ‘रहना तू’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवटी ते कंटिन्यूअम नावाचं, बोट सरकवून सूर घसरवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य घसरत घसरत गेलं आणि मला वाटलं होतं सीडीच वाकडी आहे. नंतर तोच भाग जीव की प्राण झाला. म्हणजे भावाच्या सिद्धांतात तथ्य आहे, पण ते गाण्यागाण्यावर आहे, रहमानच्या नावावर नाही. मी त्याला हे सगळं गेल्या रविवारी शांतपणे समजावून सांगितलं. ‘चिग्गी विग्गी’वर तो काही बोलला नाही, ‘रहनुमा’वर अर्थातच खूश झाला, आणि मग म्हणाला, “दादा, ब्लू थीमला अजून थोडा वेळ दे.”