काखेचा वास: साबण की डिओडरंट?

नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या काखेला वास येऊ लागला की हात आधी डिओडरंटकडे जातो. आमचं मत साबणाच्या बाजूने. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो घाम फोडतात, तेव्हा वास सुटतो. साबण ते जिवाणू आणि जुना घाम दोन्ही धुऊन काढतो. मात्र नुसतं पाणी ओतून भागत नाही. हात वर करायला लावा, सौम्य साबणाचा फेस बोटांनी काखेत १५-२० सेकंद चोळा, नीट धुवा आणि टॉवेलने टिपून कोरडं करा. ओल राहिली की वास परततो. कपडेही रोज बदला. पॉलिएस्टरमध्ये वास चिकटून राहतो, धुतल्यावरसुद्धा.

डिओडरंट वास झाकतं, जिवाणू थोडे रोखतं, पण मळ तसाच राहतो. अंघोळीनंतरही वास येत असेल तरच बिनसुगंधी रोल-ऑन, कोरड्या त्वचेवर, पातळसं लावा. पुरळ किंवा खाज आली तर लगेच बंद. स्प्रे नकोच, तो श्वासात जातो.

मुलीला ८ किंवा मुलाला ९ वर्षांआधी असा वास येऊ लागला, त्यातही केस, मुरुमं दिसली किंवा उंची झपाट्याने वाढली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.