आठ महिने, चाळीस कॅन: जुन्या जीएमसीतून इंधन वाहताना

जुन्या लष्करी गाड्या चालवणाऱ्या आमच्या गटात इंधनाचा ट्रक माझ्याकडे आहे. गाडी जीएमसी सीसीकेडब्ल्यू, दुसऱ्या महायुद्धातली अडीच टनी, लांब चेसिसची, तिन्ही एक्सलना ताकद जाणारी. हौद्यात वीस-वीस लिटरचे पोलादी जेरीकॅन. मुक्कामाच्या जागी पंप नसतो, म्हणून ताफ्याच्या आधी पोहोचून पेट्रोल तयार ठेवायचं, एवढंच माझं काम. आठ महिन्यांत जो त्रास झाला तो जवळजवळ सगळा हललेल्या कॅनमुळे झाला. वजनामुळे एकदाही नाही.

वजनाचा हिशेब सोपा आहे. रिकामा कॅन साडेचार किलोच्या आसपास, वीस लिटर पेट्रोल पंधरा किलो. चाळीस भरलेले कॅन म्हणजे आठशे किलोच्या आत. कच्च्या रस्त्यावर या गाडीला सव्वादोन टनांपर्यंत माल चालतो, त्यामुळे पाटे दबल्याचंही जाणवत नाही.

पहिल्या फेरीला उतरवायला सोपं म्हणून सगळे कॅन फाळक्याजवळ लावले. चढाला लागलो तसं स्टिअरिंग हलकं पडलं आणि वळणावर गाडी बाहेर सरकायला लागली. पुढच्या फेरीपासून सगळा माल केबिनच्या मागच्या फळीला टेकवून ठेवतो. उतरवताना चार पावलं जास्त चालावं लागतं, पण स्टिअरिंग पुन्हा हाताशी बोलतं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. हौद्यात आडवे पाच कॅन बसतात आणि बाजूला वीतभर जागा उरते. ती मी ताडपत्रीच्या घड्या कोंबून भरली होती. खडबडीत रस्त्यावर घड्या दबतात आणि कॅन डुलायला लागतात. तिसऱ्या महिन्यात चहूकडे पेट्रोलचा वास आला म्हणून थांबलो, इंजिन बंद केलं, मागे जाऊन पाहिलं. एका कॅनचा खालचा कोपरा फळीतल्या बोल्टच्या डोक्यावर घासून घासून रंग गेला होता, पत्रा झिजला होता आणि सुईएवढ्या भोकातून पेट्रोल पाझरत होतं. कॅन लगेच उतरवला, गाडीपासून लांब नेऊन दुसऱ्यात रिकामा केला. हात थरथरत होते. नंतर तळाला लाकडी पट्ट्या ठोकल्या, बोल्टांची डोकी पट्ट्यांखाली गेली, प्रत्येक ओळीमध्ये प्लायची फळी, बाजूच्या जागेत मापाने कापलेला ठोकळा आणि वरून दोन रॅचेट पट्टे. तेव्हापासून एकही कॅन घासलेला नाही.

आता कॅनबद्दल, कारण खरं कौतुक त्याचं आहे. हा आकार १९३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मन सैन्यासाठी बनला. वरचे तीन दांडे शोभेचे नाहीत. मधला धरून एक माणूस एक भरलेला कॅन उचलतो, बाजूचे दोन धरून दोघं मिळून तोच कॅन नेतात, आणि रिकामे दोन कॅन शेजारी ठेवले तर त्यांचे लगतचे दांडे एकाच मुठीत येतात. म्हणजे दोन हातांत चार रिकामे. रांगेत उभं राहून हातोहात द्यायचे असले तर देणारा एक दांडा धरतो, घेणारा दुसरा. चाळीस कॅन उतरवताना यातला प्रत्येक दांडा उपयोगी पडतो. बाजूंवरच्या फुलीसारख्या खाचा पत्र्याला ताठपणा देतात आणि आतला दाब वाढला तर फुगायला वाव देतात. दांड्यांखालच्या उंचवट्यात हवा अडकून राहते. पेट्रोल एका अंशाला हजारात एक भाग या हिशेबाने पसरतं. सकाळी गारव्यात भरलेला कॅन दुपारी वीस अंशांनी तापला तर आतलं पेट्रोल जवळजवळ चारशे मिलिलिटरने वाढतं. ती वाढ जाते कुठे, तर या मोकळ्या जागेत. म्हणून काठोकाठ भरायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

माझ्याकडे दोन जातींचे कॅन आहेत. खटक्याच्या झाकणाचे जर्मन पद्धतीचे आणि आट्याच्या झाकणाचे अमेरिकन. अमेरिकनांनी आकार उचलला, पण झाकण बदललं आणि वेल्डिंगऐवजी पत्र्याच्या कडा दुमडून सांधे केले. वापरताना फरक लगेच कळतो. खटक्याचं झाकण एका हाताने उघडतं, कॅनलाच जोडलेलं असल्यामुळे हरवत नाही, आणि तोंडाजवळच्या हवेच्या नळीमुळे पेट्रोल गचके न खाता ओततं. अमेरिकन कॅनला नरसाळं किंवा वेगळी नळी लागते, थंडीत झाकण आवळलं तर पान्हाही लागतो. ताफ्यात दिसायला तेच अस्सल वाटतात हे खरं. माझ्याकडचे बारा मी आता फक्त पाण्यासाठी ठेवलेत.

भरण्याबाबत मी हट्टी झालो आहे. कॅन नेहमी जमिनीवर उतरवून भरायचा, हौद्यात ठेवून कधीच नाही. युद्धकाळात पोलाद वाचवायला या गाड्यांचे बरेच हौदे लाकडी केले गेले, माझाही लाकडीच आहे. लाकडावर ठेवलेल्या कॅनमध्ये पेट्रोल वाहताना साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरायला वाट मिळत नाही, आणि ठिणगी नेमकी तोंडाशी, वाफेतच पडते. पंपाची नळी कॅनच्या तोंडाला टेकलेली ठेवायची, धार हळू सोडायची. ताडपत्रीचे पुढचे-मागचे पडदे थोडे उघडे ठेवतो, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि हौद्याच्या तळाशी बसून राहते. कॅनमधून किती पेट्रोल नेता येतं याचे नियम जागोजागी वेगळे असतात. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय मी फेरी घेत नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. सहा सिलिंडरचं ४.४ लिटरचं पेट्रोल इंजिन कमी वेगातही दमदार ओढतं. गिअर डबल क्लच मारूनच, म्हणजे एका बदलाला क्लच दोनदा दाबूनच, पडतात, आठवड्याभरात सवय होते. ब्रेक हायड्रॉलिक, पण एकच सर्किट. एक पाइप फुटला की सहाही चाकांचे गेले. उतारावर मी चढाचाच गिअर ठेवतो आणि ब्रेकच्या रबरी नळ्या सगळ्या बदलून घेतल्यात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने गाडीच्या इंधन पंपाचा जुना डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, पाचव्या महिन्यात गेला, नवा घालताना इथेनॉल सोसणारा घाला. वीज सहा व्होल्टची, दिवे मंद, म्हणून अंधारात फेरी नाही.

आणि लिटरला तीन किलोमीटर. दोनशे किलोमीटरच्या जाण्या-येण्यात साधारण पासष्ट लिटर गाडीच पिते, म्हणजे तीन कॅनहून जास्त. हा आकडा पहिल्यांदा वहीत लिहिला तेव्हा १९४४ सालचा रेड बॉल एक्स्प्रेस, म्हणजे अमेरिकन सैन्याची ट्रकने रसद पोहोचवण्याची मोहीम, मला नीट कळला. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर, फ्रान्समधून पुढे धावणाऱ्या फौजांच्या मागे याच जातीचे ट्रक रात्रंदिवस इंधन आणि दारूगोळा नेत होते, आणि नेता नेता स्वतःही पीत होते. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. नियम ताशी २५ मैलांचा, दोन गाड्यांत ६० यार्डांचं अंतर. घाईत तो पाळला जात नसे. ओव्हरलोड गाडी, सिंगल सर्किट ब्रेक आणि मागे भरलेले कॅन. आता हे चाक हातात धरल्यावर त्या माणसांबद्दलचा आदर खूप वाढला आहे.

त्या मोहिमेत रिकामे कॅन रस्त्याकडेला टाकून दिले गेले आणि पुढे पेट्रोल असूनही भरायला कॅन कमी पडायला लागले. म्हणून आमच्याकडे प्रत्येक कॅनवर क्रमांक रंगवला आहे. भरलेला देताना वहीत नोंद, रिकामा परत घेतल्याशिवाय दुसरा नाही. सुरुवातीला दोघं रागावले, आता तेच नोंद ठेवतात. रिकामा कॅनही झाकण लावून, पट्ट्यात आवळूनच परत येतो. आत वाफ भरलेली असते, त्यामुळे तो भरलेल्याइतकाच, खरं तर जास्तच जपायचा.

जुने कॅन विकत घेणार असाल तर आधी झाकण उघडून टॉर्चने आत पाहा. गंज पापुद्र्याने सुटत असेल तर सोडून द्या, तो कार्ब्युरेटरमध्ये जातो. मग खालचे कोपरे बोटाने चाचपा. रबरी वॉशर कडक झाला असेल तर काळजी नको, नायट्राइलचा, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराचा, नवा बसतो. मी चाळीसही कॅनचे वॉशर बदललेत, आणि खटक्याची पिन वाकलेले तीन सध्या बाजूला काढून ठेवलेत.