लॉगिन करताच फाइल मॅनेजर उघडतो? एक्सएफसीईचं 'सेशन अँड स्टार्टअप' बघा

मी दिवसभर टर्मिनलमध्येच असते, त्यामुळे लॉगिन झाल्यावर मला समोर मोकळी स्क्रीन लागते. न बोलावता फाइल मॅनेजरची खिडकी उघडली की माझं डोकंच फिरतं. लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपमधलं 'सेशन अँड स्टार्टअप' हे सेटिंग्जचं साधन मला आवडतं ते यासाठी, की ही खिडकी कुणी उघडली याचा माग तिथे बहुतेक वेळा लागतो.

पहिला संशय जुन्या सेशनवर, म्हणजे मागच्या वेळी उघड्या असलेल्या खिडक्यांच्या साठवलेल्या नोंदीवर घ्या. लॉगआउटच्या खिडकीत खाली 'सेव्ह सेशन फॉर फ्यूचर लॉगिन्स' अशी चौकट असते. फोल्डर उघडं असताना ती टिक राहिली, की दर लॉगिनला तेच फोल्डर हजर! चौकट काढा, 'सेव्ह्ड सेशन्स'मधलं जुनं सेशन पुसा. होमच्या '.कॅश/सेशन्स' फोल्डरातून हाताने पुसलं तरी चालतं.

मग 'ॲप्लिकेशन ऑटोस्टार्ट', म्हणजे लॉगिनला आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅम्सची यादी. इथलं काम मला मनापासून पटतं. टिक काढली की सिस्टिमच्या 'एटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्ट'मधली फाइल जागेवरच राहते. आपल्या '.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट'मध्ये त्याच नावाची फाइल तयार होते आणि तिच्यात 'हिडन=ट्रू' लिहिलं जातं. त्यामुळे मूळ पॅकेज अपडेट झालं तरी आपला निर्णय टिकतो, आणि मशीनवरच्या इतर यूजर्सना धक्का लागत नाही. नको असलेलं पॅकेजच उडवा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यावर अवलंबून असलेली पॅकेजंही सोबत जाऊ शकतात. मी तरी तसं करणार नाही.

एक सांभाळा. थुनार हा एक्सएफसीईचा स्वतःचा फाइल मॅनेजर; यादीत 'थुनार --डीमन' दिसला म्हणून लगेच बंद करू नका. तो खिडकी न उघडता मागे चालतो, आणि पेनड्राइव्ह लावल्यावर तो आपोआप माउंट होणं (वापरायला जोडला जाणं) त्याच्यावर अवलंबून असतं.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. ब्राउझरमध्ये डाउनलोडवर 'फोल्डर दाखवा' म्हटलं आणि थुनारऐवजी भलताच फाइल मॅनेजर उघडला, तर या साधनात त्याचा मागमूसही नसतो. ती हाक डी-बसवरून (प्रोग्रॅम्स एकमेकांना निरोप देतात ती यंत्रणा) 'ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.फाइलमॅनेजर1' या नावाला जाते. दोन फाइल मॅनेजर बसवलेले असले की दोघेही त्या नावावर हक्क सांगतात. 'एक्सडीजी-माइम' या कमांडने फोल्डरसाठी डीफॉल्ट बदललं तरी ही वाट तशीच राहते. 'यूएसआर/शेअर/डीबस-1/सर्व्हिसेस'मध्ये या नावाची सर्व्हिस कोणकोणत्या फाइलींनी घेतलीय ते ग्रेपने (फाइलींमधला मजकूर शोधणारी कमांड) शोधा. मग होममधल्या '.लोकल/शेअर/डीबस-1/सर्व्हिसेस'मध्ये याच नावासाठी आपली सर्व्हिस फाइल ठेवा आणि 'एक्झेक'च्या ओळीत थुनारचा पूर्ण पाथ '--डीमन'सह द्या. यूजरची फाइल सिस्टिमच्या आधी धरली जाते. एकदा लॉगआउट करून परत आलात की फरक दिसेल.

ऑटोस्टार्ट आणि सेशनसाठी मी या साधनाला पैकीच्या पैकी गुण देईन. डी-बसच्या सर्व्हिसेससाठी इथेच एक टॅब मिळाला, तर नवख्या माणसाला फाइली उकरत बसावं लागणार नाही.