भिंतीत भोक पाडायला इम्पॅक्ट ड्रिल की रोटरी हॅमर?

ड्रिल घ्यायला निघालेला माणूस आधी वॅट बघतो. बघायला हवं ते प्लास्टरमागे काय आहे ते. कपाटामागे लपेल अशा जागी ६ मिमीचं एक भोक पाडून बघा. आधी प्लास्टरची करडी पूड येईल. त्यानंतर लाल पूड आली तर वीट. करडीच येत राहिली आणि बिट (ड्रिलचं भोक पाडणारं टोकदार पातं) पुढे सरकेना, तर काँक्रीट. पांढुरकी पूड भसाभस आली तर हलका ब्लॉक. त्याला हॅमर मोड (बिट फिरताना ठोकेही देणारी सोय) लावूच नका, भोक नको तेवढं मोठं होतं.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरत फिरतात आणि बिटला हलके पण भराभर धक्के बसतात. धक्का लहान, त्यामुळे जोर तुम्ही मागून द्यायचा. विटेला एवढं पुरतं. शिवाय हॅमर बंद केला की हेच यंत्र लाकूड आणि पत्र्यालाही चालतं, आणि साधे गोल दांड्याचे बिट बसतात.

रोटरी हॅमरची गोष्टच वेगळी. आत पिस्टन हवा दाबतो, त्या हवेच्या जोरावर एक ठोकळा बिटच्या मागे आपटतो. ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्यात दम असतो. बिट चकमध्ये, म्हणजे पकडणाऱ्या जबड्यात, आवळलेलं नसतं, खाचांमध्ये मागेपुढे सरकतं, म्हणून ठोका थेट टोकापर्यंत पोचतो. त्याला खाचांच्या दांड्याचे एसडीएस प्लस बिटच लागतात. काँक्रीटमध्ये ८ मिमीचं भोक यानं काही सेकंदांत होतं, तुम्ही फक्त यंत्र सरळ धरायचं. बहुतेक मॉडेलमध्ये क्लचही असतो: बिट सळईत अडकलं तर तो घसरतो आणि मनगट वाचतं. नाजूक कामाला मात्र हे बोजड. अॅडॉप्टरनं साधा चक जोडता येतो, पण तो डुगडुगतो, लाकडात भोक तिरकं जातं.

मी आधी इम्पॅक्ट ड्रिल घेतलं, कारण घर विटेचं. पहिलंच काम निघालं पडद्याच्या रॉडचं, आणि खिडकीवर असते काँक्रीटची लिंटेल, म्हणजे आडवी तुळई! दहा मिनिटं खांदा लावून दाबत होतो. भोक जेमतेम नखाएवढं खोल, बिटचं टोक जळून निळं. भिंत विटेची म्हणून सगळी भोकं विटेत पडतील, हा हिशेब तिथं चुकला. रॉड, कॉलमवरचं घड्याळ, छताला टांगायचं काही, हे सगळं काँक्रीटमध्येच जातं.

म्हणून घर विटेचं आणि काँक्रीटमधली भोकं चार-दोनच असतील, तर इम्पॅक्ट ड्रिल घ्या आणि त्या चार भोकांसाठी रोटरी हॅमर एक दिवस मागून आणा. भिंतीच काँक्रीटच्या असतील तर उलटं करा: रोटरी हॅमर घ्या, लाकडासाठी लहान बॅटरीवालं ड्रिल वेगळं ठेवा. 'एकच यंत्र सगळ्याला' या मोहात मीही होतो.

टाइलवर दोन्हीपैकी कशाचाही हॅमर चालवायचा नाही. टाइलचं बिट लावा, हळू फिरवत टाइल पार करा, मग बिट बदलून मागच्या भिंतीत हॅमर सुरू करा. स्क्रू धरायला भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या प्लगपेक्षा भोक १० मिमी जास्त खोल ठेवा आणि पूड काढल्याशिवाय प्लग ठोकू नका. पूड काढताना फुंकर मारायची नाही. ती डोळ्यांत आणि छातीत जाते. व्हॅक्यूमचं तोंड भोकाखाली धरा, चष्मा आणि मास्क लावा.