एक सागवानी पाटी आणि चार वाटा: हौशी सुतारकामासाठी सीएनसी घेताना

सागवानाची एक फळी समोर आहे असं धरा. ३०० मिमी लांब, १५० मिमी रुंद, २० मिमी जाड. दारावर लावायला घराच्या नावाची पाटी करायची आहे. हौशी सीएनसीबद्दल, म्हणजे संगणकाच्या सूचनांनी बिट (फिरणारं कापायचं टोक) चालवून लाकूड कापणाऱ्या मशीनबद्दल, मला जे विचारतात त्यांच्यातल्या बहुतेकांचं पहिलं काम हेच असतं. म्हणून चारही पर्याय मी या एकाच फळीवर तोलून बघणार आहे: छोटं ३०१८ मशीन, ४०० बाय ४०० च्या आसपासचं मधलं मशीन, सुटे भाग आणून स्वतः बांधलेलं मशीन, आणि मशीन न घेता जॉबवर्कवाल्याकडून कापून घेणं.

माझं मत आधीच सांगतो. लोक बेडचा, म्हणजे फळी ठेवायच्या पाटाचा, आकार विचारतात, तो प्रश्न दुसरा. बिट लाकडात शिरल्यावर मशीन किती ताठ उभं राहतं हा पहिला प्रश्न. आणि तुम्हाला अक्षरं खोदायची आहेत की उठावाची हवीत, यावर निम्मा निर्णय इथेच लागतो.

खोदलेलं अक्षर आणि उठावाचं अक्षर

खोदलेल्या अक्षरासाठी टोकदार व्ही बिट लागतं. ते रेघेच्या मधोमध चालतं आणि रेघ जितकी रुंद तितकं खोल जातं. १० मिमी रुंदीच्या रेघेत ९० अंशांचं बिट ५ मिमी खोल जाईल, ६० अंशांचं जवळपास ८.७ मिमी. कोपरे धारदार निघतात, कारण कोपऱ्याकडे जाताना बिट हळूहळू वर येतं. यात काढायचं लाकूड थोडंच असतं, त्यामुळे अशक्त मशीनसुद्धा दोन-तीन फेऱ्यांत हे काम देखणं करतं.

उठावाच्या अक्षरांत गणित उलटं होतं. अक्षरं सोडून बाकीची जमीन खाली उतरवायची. आपल्या पाटीवर अक्षरं वगळता साधारण ३५,००० चौरस मिमी जागा उरते. ती ४ मिमी खोल करायची म्हणजे १,४०,००० घन मिमी सागवान भुसा करून काढायचं. ३०१८ वर ३.१७५ मिमीचं बिट, फेरीला अर्धा मिमी खोली, प्रत्येक रेघेनंतर बाजूला बिटाच्या व्यासाच्या ४० टक्के सरक आणि मिनिटाला ६०० मिमी वेग धरला, तर मिनिटाला सुमारे ३८० घन मिमी निघतं. सहा तास. ट्रिमर (सुताराचं हातात धरून लाकूड कोरायचं विजेचं यंत्र) बसवलेल्या मधल्या मशीनवर ६ मिमीचं बिट, फेरीला दीड मिमी आणि वेग १५०० धरला, तर तीच जमीन २६ मिनिटांत खाली जाते. मग बारीक बिट लावून कोपरे काढायला आणखी थोडा वेळ. सहा तास एका पाटीला चालतात. दिवाळीच्या आधी दहा पाट्या मागितल्या तर नाही चालत.

छोटं ३०१८

नावातच माप आहे: ३०० बाय १८० मिमी. आपली पाटी त्यात जेमतेम मावते, आणि क्लॅम्प कुठे लावायचे हा प्रश्न उरतोच. (मागे मास्किंग टेप, बेडवरही मास्किंग टेप, मध्ये फेविक्विकचे थेंब, हलक्या कामाला ही युक्ती पक्की धरून ठेवते आणि नंतर टेप सोलून निघते.) स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारा भाग, इथे २४ व्होल्टची ७७५ नंबरची मोटर असते. भाराशिवाय ती दहा हजारांच्या आसपास फिरते, सागवानात शिरली की आवाज जाडसर होतो आणि फेरे उतरतात. किंमत साधारण १५ ते २५ हजारांच्या घरात.

या मशीनचा मोठा गुण म्हणजे ते शिकवतं. बिट मोडलं तर स्वस्तातलं मोडतं, आणि चूक झाली की मशीन थांबतं, आपली बोटं धोक्यात येत नाहीत असं नाही, पण जोर कमी असल्याने नुकसान लहान राहतं. वीजही फार खात नाही. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवला तर घरच्या इन्व्हर्टरवर ते आरामात चालतं, आणि ज्यांच्या गावात दुपारची वीज भरवशाची नाही त्यांनी हे लक्षात घ्यावं.

उणी बाजू स्पिंडलजवळच दिसते. झेडचा, म्हणजे बिट वर-खाली नेणारा, भाग अंगठ्याने बाजूला दाबून बघा, तो लवताना डोळ्यांना दिसतो. तेवढंच बिट लाकडात लवतं, आणि रेघेची कड लाटेसारखी येते. शिसवासारख्या घट्ट लाकडात तर हे ताबडतोब जाणवतं. की-चेन, शिक्के, शिवणाच्या किंवा आंब्याच्या लाकडावर खोदलेली अक्षरं, पातळ प्लायचे नमुने एवढंच तुमचं जग असेल तर ३०१८ घ्या आणि समाधानात राहा. फक्त लिमिट स्विच (अक्षाचं टोक आलं हे मशीनला कळवणारे स्विच) असलेलं घ्या. का, ते पुढे.

मधलं मशीन

हौशी सुतारकामाचं खरं मशीन मी यालाच म्हणतो. बेड ४०० बाय ४०० च्या आसपास, जाड ॲल्युमिनियम प्रोफाइल, आणि स्पिंडलच्या जागी ट्रिमर बसवता येतो. मकिताचा आरटी०७००सी या कामात जगभर वापरला जातो: ७१० वॅट, १०,००० ते ३०,००० फेरे, अंग ६५ मिमी व्यासाचं, त्यामुळे त्याच्या मापाचा माउंट सहज मिळतो.

ट्रिमर लावणार असाल तर कोलेटचं, म्हणजे बिटाचा दांडा पकडणाऱ्या चिमट्याचं, माप आधी तपासा. आपल्याकडे ट्रिमर बहुधा ६ मिमी कोलेटसह येतो आणि ऑनलाइन मागवलेली बरीच बिटं पाव इंची दांड्याची, म्हणजे ६.३५ मिमीची असतात. ती ६ मिमीच्या कोलेटात जाणार नाहीत. उलट, पाव इंची कोलेटात ६ मिमीचं बिट आवळून बसवायचा मोह कधीही करू नका. १८,००० फेऱ्यांवर सुटलेलं बिट कुठेही जाऊ शकतं.

ट्रिमरचा खरा अडसर आवाज. सोसायटीत राहत असाल तर हा मुद्दा पैशांइतकाच मोठा आहे. तासभर किंचाळणारा ट्रिमर शेजारी एकदा सहन करतील, रोज नाही. पाण्याने थंड होणारं स्पिंडल त्या मानाने शांत असतं, तेव्हा बिटाचा लाकडात जाणारा आवाजच काय तो ऐकू येतो. पण त्याला व्हीएफडी (मोटरचा वेग सांभाळणारं वीज-उपकरण) लागतो, पाण्याची बादली आणि पंप लागतो, आणि अर्थिंग चोख लागतं. अर्थिंग नीट नसलं की व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटाने यूएसबी जोडणी मध्येच तुटते आणि काम अर्ध्यावर थांबतं. केबल आखूड आणि शील्ड असलेली घ्या, व्हॅक्यूम वेगळ्या प्लगवर लावा.

आता लिमिट स्विचचं. माझ्या पहिल्या मशीनला ते नव्हते. देवघराच्या दाराची जाळी कापत होतो, चौथ्या तासाला वीज गेली. बिट लाकडात रुतलेलं, मशीनला आपण कुठे आहोत याची काही आठवण नाही. वीज आल्यावर भिंग घेऊन बिट जुन्या खाचेत नजरेने जुळवलं आणि उरलेलं काम पुरं केलं. फरक अर्ध्या मिमीहून कमी होता. तरी जाळीच्या प्रत्येक भोकात एक बारीक पायरी उमटली, ती पॉलिशनंतर जास्तच दिसायला लागली, आणि दार पुन्हा कापावं लागलं. लिमिट स्विच असले की मशीनला होमिंग करायला सांगायचं. ते ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन स्वतःची जागा ओळखतं. जीआरबीएल या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा कंट्रोलर जी५४ मधला, म्हणजे कामाची मापं जिथून सुरू होतात तो, तुमचा शून्यबिंदू वीज गेल्यावरही जपून ठेवतो, त्यामुळे बंद पडलेल्या ओळीच्या थोडं आधीपासून काम पुढे नेता येतं. मशीन घेताना ज्या एका गोष्टीवर तडजोड करू नये ती ही.

स्वतः बांधायचं?

दोन तऱ्हा आहेत. एक एमपीसीएनसी: थ्रीडी प्रिंटरवर छापलेले सांधे आणि बाजारातला साधा पाइप, एक इंची, म्हणजे २५.४ मिमीचा पाइप चालेल अशी त्याची आवृत्ती आहे आणि तो पाइप आपल्याकडे कुठेही मिळतो. दुसरी तऱ्हा एचजीआर१५ किंवा एचजीआर२० लिनियर रेल (ज्यावर अक्ष सरकतात ते पोलादी रूळ), १६०५ बॉलस्क्रू (अक्ष पुढे-मागे ढकलणारा स्क्रू) आणि जाड प्रोफाइल. पहिली स्वस्त, पण जशी मोठी बांधाल तशी लवचीक होत जाते. दुसरी बांधली तर बाजारातल्या मधल्या मशीनपेक्षा भक्कम काम देते, आणि खर्चही तसाच होतो. मोटर, ड्रायव्हर, स्विच पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हाताळून घेता येतात.

पैशांपेक्षा वेळेचा हिशेब करा. काटकोन साधणं हेच मोठं काम. वाय अक्षाला दोन्ही बाजूंना मोटर असेल तर गँट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारी आडवी कमान, किंचित तिरकी राहू शकते, आणि मूळ जीआरबीएल ती आपोआप सरळ करत नाही. त्यासाठी जीआरबीएल-एचएएल किंवा फ्लुइडएनसी हे त्याच धर्तीचं सॉफ्टवेअर लागतं. गुण्या लहान पडतो, म्हणून बेडवर व्ही बिटाने ३०० आणि ४०० मिमीच्या बाजू टोचून घ्या आणि कर्ण मोजा. ५०० आला पाहिजे. माझा पहिल्यांदा ५०१.५ आला होता, आणि तो ५०० वर आणायला दोन रविवार गेले. त्या रविवारांत मशीनचा प्रत्येक बोल्ट ओळखीचा झाला, पुढे बिघाड झाला तेव्हा त्याचा उपयोगही झाला. तुम्हाला मशीन बांधण्याचाच आनंद हवा असेल तर ही वाट सुंदर आहे. पाटी पुढच्या महिन्यातल्या वास्तुशांतीला हवी असेल तर ही वाट तुमची नाही.

मशीन न घेता

१३२५ मापाची, म्हणजे १३०० बाय २५०० मिमी बेडची मशीनं आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. आठ बाय चारची पूर्ण शीट त्यावर बसते. जाळी, दारं, पलंगाच्या फळ्या यांसाठी घरी मशीन घेऊच नका. कुठलंही हौशी मशीन त्या कामात त्याची बरोबरी करणार नाही. वर्षाला दोन-चार पाट्याच करायच्या असतील तरीही हाच मार्ग.

फाइल देताना काळजी घ्या. डीएक्सएफ (रेखाचित्राची फाइल) मिलिमीटरमध्ये आहे हे सांगा आणि एक माप कागदावर लिहून द्या, कारण इंच-मिमीचा घोळ झाला तर काम २५.४ पट चुकतं. तिथे बहुधा ६ मिमीचं बिट लावलेलं असतं, त्यामुळे आतले कोपरे ३ मिमी त्रिज्येचे गोल होतात. बारीक अक्षरं असतील तर बिट बदलायला आधीच सांगा. आणि उरलेली फळी परत मागा, ती तुमची आहे.

देवनागरीची अडचण सगळीकडे

चारही वाटांवर ही अडचण भेटते. चित्रावरून बिटाचा मार्ग आखणाऱ्या बऱ्याच कॅम सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी थेट टाइप केली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन फुटतात. म्हणून अक्षरं इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, तिथे ती बरोबर जुळतात. मग ऑब्जेक्ट टू पाथ (अक्षरांचे नुसते आकार होतात), आणि त्यानंतर युनियन (एकमेकांवर आलेले आकार एक होतात). युनियन विसरलात तर शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी राहते, आणि जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर येतात तिथे बिट मध्येच आडवी खाच मारतं. ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ मोठे करून नीट बघा. पातळ फॉन्टमध्ये त्यांच्या आतली जागा ३ मिमी बिटालाही पुरत नाही.

शिरोरेषेमुळे आणखी एक गोष्ट उघडी पडते. ती पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते, त्यामुळे फळी जराही वरखाली असेल तर रेघ एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक होते. ९० अंशांच्या बिटाने उंचीतला अर्धा मिमी फरक रुंदीत एक मिमी होऊन दिसतो. ६० अंशांच्या बिटाने तोच फरक ०.६ मिमीच्या आत राहतो, म्हणून देवनागरीला मी ६० अंशांचं बिट पसंत करतो. बेडवरची एमडीएफची खालची फळी पावसाळ्यात दमट हवेने फुगते. पावसाळा संपला की ती एकदा पूर्ण रंधून घ्यायची, मगच पाट्या लावायच्या.

भुशाकडे दुर्लक्ष करू नका. लाकडाचा बारीक भुसा दीर्घकाळ श्वासात जाणं कर्करोगाला कारण ठरतं हे मान्य झालेलं आहे, आणि एमडीएफच्या भुशात त्याचा डिंकही असतो. मशीनच्या बजेटमधले पाव पैसे व्हॅक्यूम, मास्क, कानाचं संरक्षण आणि बिटं यांसाठी बाजूला काढा. तेवढे उरत नसतील तर एक पायरी खालचं मशीन घ्या.

मशीन ठरलं की पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे स्वतःचा सागवानाचा तुकडा आणि कॅलिपर घेऊन जा. १०० मिमीचा चौकोन आणि त्यात ५० मिमीचं वर्तुळ कापायला सांगा. चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. वर्तुळावरून नख फिरवा: चारही बाजूंना, जिथे अक्ष दिशा बदलतो तिथे, चपटा भाग हाताला लागला तर स्क्रूत ढिलाई आहे. ती तिथेच, तुमच्यासमोर आवळून दुसरं वर्तुळ कापून दाखवायला सांगा.