ज्येष्ठांची मेडिक्लेम पॉलिसी: पाच हप्ते आणि एका क्लेमनंतर

ऑक्टोबर 2021 पासून मी आणि बायको एका खाजगी कंपनीची ज्येष्ठ नागरिकांची मेडिक्लेम पॉलिसी चालवतोय. दोघांत मिळून पाच लाखांचं कव्हर. नुकताच पाचवा हप्ता भरला. मधे एक मोठा क्लेमही झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही. आम्हाला ज्या अटींचा फटका बसला त्या मी दुसऱ्या दोन पॉलिसींच्या कागदांतही वाचल्या. नाव बदललं तरी अटी त्याच, म्हणून अटींबद्दलच लिहितो.

आधी माझं थोडं. वय 64. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलं. 30 जून 2021 ला रिटायर झालो आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आत भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कामाला लागलो. पीएफची पेन्शन महिना 3,180 रुपये येते. तेवढ्यात दोघांची औषधं आणि विजेचं बिल निघतं. मी या वयात सकाळी सातची बस धरतो ती मुख्यतः मेडिक्लेमच्या हप्त्यासाठी. वर्कशॉपमध्ये रोज 750 रुपये मिळायचे, व्हाउचरवर. 2023 आणि 2024 चा हप्ता होता 50,740. म्हणजे वर्षातले 68 दिवस मी फक्त विम्यासाठी मायक्रोमीटर धरत होतो. पॉलिसीला चांगलं म्हणायचं की वाईट, हे मी त्या 68 दिवसांवर ठरवतो.

हप्ता कसा वाढला ते सांगतो. पहिली दोन वर्षं 35,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, एकूण 41,300. तिसऱ्या वर्षी मूळ हप्ता एकदम 43,000. कारण विचारलं तर 'वयोगट बदलला' एवढंच उत्तर. या ऑक्टोबरला 47,300 भरले, जीएसटी शून्य. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकलाय, त्यामुळे मूळ हप्ता वाढूनही खिशातून गेल्या वर्षीपेक्षा कमी गेले. शिवाय जानेवारी 2025 मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना बजावलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला. माझी वाढ बरोबर 10 टक्के निघाली. पुढच्या वर्षीचा आकडा आता अंदाजाने बाजूला काढता येतो, हा मोठा दिलासा आहे. 23 टक्क्यांची वाढ अचानक अंगावर येते तेव्हा माणसाच्या मनात पॉलिसी सोडून द्यायचा विचार येतो. माझ्याही आला होता.

पॉलिसीबद्दल पहिली चांगली गोष्ट अशी, की त्यांनी क्लेम नाकारला नाही. त्याचं एक कारण मी फॉर्म भरताना केलेल्या हट्टात आहे. एजंट म्हणाला होता, "काका, शुगर कशाला लिहिता? हप्ता वाढेल. पुढचं पुढे बघू." मी 2010 पासूनची शुगर, चालू गोळ्या, बायकोचे गुडघे, सगळं लिहिलं आणि फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवली. क्लेमच्या वेळी कंपनीने जुने रिपोर्ट मागवले, फॉर्मशी ताडून पाहिले, आणि तिथे विषय संपला. वर्कशॉपमधल्या ज्या दोघातिघांनी एजंटचं ऐकून काही लपवलंय, त्यांना मी रोज सांगतो, नूतनीकरणाच्या वेळी लेखी कळवून टाका.

आता जे माझ्या जिवाला लागलं ते.

कारखान्यात आम्हाला ग्रुप मेडिक्लेम होतं. कुटुंबाला तीन लाख, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. बायकोचं नाव त्यात कितीतरी वर्षं होतं. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मिळालं. पण ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायला अर्ज करता येतो, आणि आधीच्या वर्षांचं श्रेय प्रतीक्षाकाळात (जुन्या आजारांचा क्लेम मिळण्याआधी जी वर्षं थांबावं लागतं त्यात) मिळतं, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तो अर्ज कव्हर चालू असताना करायचा असतो. माझं 30 जूनला संपलं आणि मी जागा झालो सप्टेंबरात. नवी पॉलिसी घेतली तेव्हा पाटी कोरी. जुन्या आजारांना आणि सांधेबदलाला चार वर्षं थांबा.

2022 मध्ये डॉक्टरांनी एक्सरे दिव्यासमोर धरून दाखवला. बायकोच्या उजव्या गुडघ्यात हाडाला हाड टेकलं होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ती एका हाताने कठडा धरायची, एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थोडं थांबायचं. मधल्या वळणावर शेजाऱ्यांनी तिच्यासाठी प्लास्टिकचा स्टूल ठेवला होता. भाजीला जाणं तिने बंद केलं, मग हळदीकुंकवाला जाणंही. मी कामावरून आलो की आधी तो स्टूल दिसायचा. जून 2021 मध्ये एक अर्ज टाकला असता तर हे ऑपरेशन 2022 मध्येच होऊ शकलं असतं, हे मला तो स्टूल दिसला की आठवायचं. आजही आठवतं.

2024 मध्ये नियम बदलले आणि प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. ऑक्टोबर 2024 मध्ये आमची तीन वर्षं भरली. जानेवारी 2025 मध्ये ऑपरेशन झालं.

आता बिल. हे मी सविस्तर लिहितो, कारण मला ते समजायला तीन संध्याकाळी लागल्या. एखाद्या जॉबचा इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचावा तशी पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासली.

एकूण बिल 2,45,000. त्यात खोलीचे चार दिवसांचे 30,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून 1,14,000. इम्प्लांट 62,000. औषधं आणि तपासण्या 31,000. हातमोजे, किट, फाइल असल्या किरकोळ गोष्टींचे 8,000. कंपनीने दिले 1,51,200. आमच्या खिशातून गेले 93,800.

एवढे कसे? कारण खोली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा कव्हरच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. भरतीच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, दोन बेडची 4,500 ची खोली आज नाही, स्वतंत्र खोली आहे, 7,500. मी मनात हिशोब केला, वरचे अडीच हजार गुणिले चार, दहा हजार आपण भरू. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिला शांत झोप लागेल. म्हटलं, द्या.

तो हिशोब चुकीचा होता. मर्यादेहून महाग खोली घेतली की कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. खोलीच्या दराबरोबर बदलणारे सगळेच खर्च ती त्याच प्रमाणात कापते. 7,500 पैकी 5,000 मान्य, म्हणजे दोन तृतीयांश. मग सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंगच्या 1,14,000 पैकीही दोन तृतीयांश, 76,000. एका ओळीत 38,000 गेले. कागदावर त्याला 'प्रपोर्शनेट डिडक्शन' म्हटलंय. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला ही कात्री लावता येत नाही, तो नियम आहे, आणि आमच्या कंपनीने तो पाळला. किरकोळ 8,000 पूर्ण नामंजूर. उरले 1,89,000. त्यावर 20 टक्के को-पे, म्हणजे रुग्णाचा वाटा, 37,800.

तीच शस्त्रक्रिया 4,500 च्या खोलीत झाली असती तर बाकी आकडे तेच धरूनही आम्हाला 53,000 भरावे लागले असते. चार दिवसांच्या त्या खोलीची खरी किंमत 40,800 रुपये. माझ्या हजेरीने 54 दिवस. काउंटरवर कुणी हे सांगितलं असतं तर दोन दिवस थांबून आम्ही दोन बेडची खोली घेतली असती. ऑपरेशन ठरवून केलेलं होतं, घाई कसलीच नव्हती.

को-पेबद्दल मात्र माझी तक्रार नाही. तो पहिल्या पानावर ठळक छापलेला होता, एजंटने सांगितलाही होता. खोलीभाड्याची अट सतराव्या पानावर होती, आणि तिचा परिणाम काय होतो हे उदाहरण देऊन कुठेच नव्हतं. माझ्या दृष्टीने या पॉलिसीचा सगळ्यात मोठा दोष हाच.

कॅशलेसची पहिली मंजुरी लवकर आली, तासाभरात. डिस्चार्जच्या दिवशी मात्र रखडलो. नियमाने तीन तासांत अंतिम मंजुरी यायला हवी. सकाळी अकराला कागद गेले, मंजुरी आली चारला. खोली रिकामी करायला सांगितली होती, म्हणून बायको पाच तास बिलिंगसमोर व्हीलचेअरवर बसून होती, पाय सरळ ठेवून, मांडीवर कपड्यांची पिशवी. जाणाऱ्यायेणाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून मी तिच्या पायापुढे उभा राहिलो. हेल्पलाइनवरच्या बाईंनी तीनदा स्वतःहून फोन केला, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्या नीट मराठीत बोलल्या आणि त्यांनी काही लपवलं नाही.

या ऑपरेशननंतर मी आणखी एक गोष्ट केली आणि ती आधी न केल्याचं वाईट वाटतं. शेठकडे जाऊन म्हटलं, मला व्हाउचरवरून पगारपत्रकावर घ्या आणि ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लावा. त्यांना वाटत होतं रिटायर माणसाला ईएसआय लागत नाही. तसं नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागतो, त्याला वरची वयोमर्यादा नाही. एप्रिल 2025 पासून माझा पगार 19,600 झाला. त्यातून माझे कापले जातात 0.75 टक्के, म्हणजे 147 रुपये. शेठ 3.25 टक्के भरतात, 637 रुपये. यात मी आणि बायको दोघंही येतो. जुना आजार म्हणून थांबा नाही, को-पे नाही. दवाखान्यात रांग असते, पहिल्यांदा अर्धा दिवस गेला. पण माझी शुगरची आणि तिची प्रेशरची गोळी आता तिथून मिळते, आणि तिथल्या डॉक्टरीण बाईंनी माझ्या पायाला टाचणी टोचून संवेदना तपासली. इतक्या वर्षांत हे कुणी केलं नव्हतं.

दिवाळीला शेठनी दोन हजार वाढ देऊ केली. 21,600 झाले असते आणि पुढच्या सहामाहीपासून ईएसआय गेला असता. मी म्हटलं, चौदाशे द्या. त्यांना आधी कळेना. कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तेही गप्प झाले. सहाशे रुपयांसाठी दोघांचा दवाखाना घालवणं परवडत नाही.

मग मेडिक्लेम कशाला ठेवली, असं मुलीने विचारलं. ईएसआय माझ्या नोकरीला बांधलेला आहे. उद्या माझी नजर कमी झाली, मायक्रोमीटरची रेघ दिसेनाशी झाली, तर नोकरी जाईल. रिटायर झाल्यावर वर्षाला 120 रुपये भरून नवराबायकोला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात, पण त्यासाठी किमान पाच वर्षं विमापात्र नोकरी लागते. 70 नंतर आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, ऑक्टोबर 2024 पासून, उत्पन्न न बघता पाच लाखांचं, जुने आजार पहिल्या दिवसापासून. माझ्या 73 वर्षांच्या थोरल्या भावाचं काढून दिलं. ज्यांच्या घरी सत्तरीपुढची माणसं आहेत त्यांनी हे कार्ड आधी काढावं, मग पॉलिसी बघावी. मला अजून सहा वर्षं आहेत. ती सहा वर्षं पॉलिसीने काढायची.

कंपनी बदलायचाही विचार केला. पोर्टिंग केलं, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली, तर प्रतीक्षाकाळाचं श्रेय बरोबर येतं. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली एक पॉलिसी पाहिली, हप्ता 71,000 च्या पुढे. एवढं झेपत नाही, म्हणून राहिलो. ऑक्टोबर 2026 मध्ये सलग पाच वर्षं होतील (पोर्टिंग केलं तरी ही वर्षं मोजली जातात). त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम अडवता येत नाही. म्हणून राहिलो.

पाचपैकी तीन गुण देतो. ज्यांना रिटायर व्हायला वर्षभर आहे त्यांनी आजच एचआरला जाऊन विचारा, आपलं ग्रुप कव्हर कोणत्या कंपनीचं आहे आणि वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज कोणाकडे द्यायचा.

बायको आता उजव्या पायाने सरळ चढते. स्टूल शेजाऱ्यांना परत दिला. डावा गुडघा मार्चनंतर करायचा आहे. ईएसआयच्या हाडांच्या ओपीडीत दाखवून आलोय, तिथली तारीख मिळाली तर तिथेच. नाहीतर त्याच रुग्णालयात, आणि दोन बेडच्या खोलीचा आजचा दर मी फोन करून विचारून ठेवलाय. 4,800.