जुन्या कारचं प्रदूषण कमी करायचंय: कार्ब्युरेटर ठेवावा की इंजेक्शन बसवावं?

साठच्या दशकातली गाडी जपणाऱ्यापुढे आज तीन वाटा आहेत. इंजिन मूळ रूपात ठेवून फक्त क्रँककेस (इंजिनाचा खालचा, तेलाचा भाग), पेट्रोलची टाकी आणि इग्निशन सुधारणं ही पहिली. कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाला, हात न लावता एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू निरुपद्रवी करणारा डबा, बसवणं ही दुसरी. तिसरी म्हणजे कार्ब्युरेटर उतरवून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा), ऑक्सिजन सेन्सर आणि तीन वायूंवर काम करणारा थ्री-वे कन्व्हर्टर असा पूर्ण संच चढवणं. दुसरी वाट दिसायला सगळ्यांत सोपी आहे. पाइप कापायचा, डबा जोडायचा, काम झालं. मला मात्र तिन्हींत तीच सगळ्यात कमी पटते.

कारण कन्व्हर्टरच्या गरजेत आहे. थ्री-वे कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन जाळतो आणि त्याच वेळी नायट्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो. ही कामं एकत्र साधायची तर पेट्रोलच्या एका भागाला, वजनाने, हवेचे साधारण १४.७ भाग मिळायला हवेत आणि त्यात फार फरक चालत नाही. जोर लागतो तेव्हा कार्ब्युरेटर मिश्रण १३ च्या आसपास किंवा त्याखाली नेतो आणि थंड इंजिन सुरू करायला चोक ओढल्यावर तर आणखी रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, करतो. मग कन्व्हर्टरला जाळायला माल भरपूर मिळतो, पण ऑक्सिजन कमी पडतो. मिश्रण लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं, ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड आटोक्यात येतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तसेच बाहेर पडतात. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून कार्ब्युरेटरच्या गाड्यांना कन्व्हर्टर लागले, पण ते दोनच वायूंवर काम करणारे होते आणि अनेक गाड्यांत त्यांना जादा हवा पुरवणारा वेगळा पंप होता. ऑक्सिजन सेन्सर पाहून मिश्रण सतत दुरुस्त करणारी, थ्री-वे कन्व्हर्टरची व्यवस्था व्होल्व्होने १९७७ च्या मॉडेलमध्ये कॅलिफोर्नियासाठी आणली, आणि तिच्या मुळाशी इंजेक्शन होतं.

दुसऱ्या वाटेचे धोकेही खरे आहेत. एक प्लग मिसफायर करू लागला, म्हणजे त्याची ठिणगी चुकू लागली, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. गाडीखालचं तापमान वाढतं. मूळ फ्लोअरची रचना करताना ही उष्णता धरलेली नव्हती, म्हणून हीट शील्ड लागतंच, आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणं धोक्याचं ठरतं. त्यात तेलाचा पेच आहे. जुन्या फ्लॅट टॅपेटच्या (सपाट तळावर घासत चालणाऱ्या) कॅमशाफ्टला झिंक-फॉस्फरसचं संरक्षण हवं असतं आणि तोच फॉस्फरस कन्व्हर्टरवर थर चढवतो. कन्व्हर्टर वाचावेत म्हणून नव्या तेलांच्या बऱ्याच ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यापर्यंत मर्यादित केला गेला. दोघांनाही पूर्ण खूश ठेवणारं तेल मिळणं कठीण. रिंगा झिजून इंजिन तेल पीत असेल, तर आधी इंजिन उघडा.

पहिली वाट साधी वाटते म्हणून तिला कमी लेखू नका. पिस्टन रिंगांजवळून निसटून क्रँककेसमध्ये आलेले वायू जुन्या इंजिनात ब्रीदर पाइपमधून सरळ रस्त्यावर सोडलेले असतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह ते पुन्हा इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये ओढतो आणि ते इंजिनात जळतात. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना तो १९६१ च्या मॉडेलपासून लागला, म्हणजे प्रदूषण रोखण्याच्या पहिल्या उपायांपैकी तो एक. फायदा मोठा आणि बदल जवळजवळ अदृश्य. मात्र त्या व्हॉल्व्हमधून जादा हवा आत येते, तेव्हा आयडलचं (गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हाचं) मिश्रण पुन्हा जुळवावं लागतं.

दुसरी गळती टाकीची. हौसेची गाडी वर्षातले बहुतेक दिवस उभीच असते. त्या काळात टाकीच्या झाकणातून आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलमधून (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीतून) पेट्रोलची वाफ जात राहते, आणि तिच्यासमोर एक्झॉस्टमधला कोणताही डबा निरुपयोगी आहे. कोळशाचा कॅनिस्टर ती वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की सोडतो. ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर मिसफायर घटतात, आणि ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपतं. एवढं केलं, चोक नीट सुटतोय याची खात्री केली, तरी गाडीच्या मूळ रूपाला धक्का लागत नाही.

तिसरी वाट घेतली तर ती अर्धी सोडू नका. मूळ यांत्रिक पंपाचा दाब जेमतेम ०.३ बार असतो, तर इंजेक्शनच्या बऱ्याच संचांना ३ ते ४ बार लागतो. म्हणजे नवा पंप, नव्या लाइन आणि बहुतेक वेळा टाकीपर्यंत परतीची लाइन. टाकीत गंज असेल तर तो आधी काढायचा. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर हवा, कारण आयडलला डायनॅमो पुरेसा करंट देत नाही. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखी पॉझिटिव्ह अर्थची वायरिंग (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) असेल तर तीही उलटवावी लागते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटकी असली तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला मिश्रण लीन वाटतं आणि संगणक गरज नसताना पेट्रोल वाढवतो. बदल्यात गरम इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड तिन्ही खूप उतरतात, आणि थंडीत गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू होते.

म्हणून निवड वापरावर करा. गाडी आठवड्यातून अनेकदा, लांबच्या अंतरावर धावत असेल, तर तिसरी वाट. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला कामाला लागतो, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीला त्याचा फारसा लाभ नाही. अशा गाडीला पहिली वाटच योग्य. मूळ कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि पंप मात्र काळजीने गुंडाळून ठेवा, आणि बॉडीत नवीन भोकं पाडू देऊ नका.

कायदा आधी तपासा. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना नियमित धूर-तपासणी नाही. त्यानंतरच्या गाडीत इंजेक्शनसारखा बदल करायचा तर त्या संचाला राज्याची मान्यता असावी लागते. जर्मनीत ऐतिहासिक नंबरप्लेटच्या गाड्यांना पर्यावरण-क्षेत्रात प्रवेश आहे, पण ती प्लेट मिळताना गाडीचं मूळ रूप बघितलं जातं.

आणि काहीही विकत घेण्याआधी गॅस अॅनालायझरवर गाडी तपासून घ्या. कार्बन मोनॉक्साइड चढा असेल तर मिश्रण रिच आहे, कार्ब्युरेटरच्या जेट आणि फ्लोटकडे बघा. तो ठीक असून हायड्रोकार्बन चढे असतील, तर प्लग, टायमिंग आणि कॉम्प्रेशन तपासा.